गाभ्याला बीच, चिकटवायला सावकाश सुकणारं इपॉक्सी: तीन धनुष्यांनंतरचं माझं मत

पहिल्या धनुष्याच्या टोकावर नख फिरवलं आणि ते अडकलं. धनुष्य केलं तेव्हा पाठ, गाभा आणि पोट अशा एकमेकींवर चिकटवलेल्या तिन्ही पट्ट्यांची टोकं मी कानशीने एकसपाट केली होती. डोळे मिटून बोट फिरवलं तर एकच लाकूड वाटावं, अशी. सहा महिन्यांनी त्याच जागी पायऱ्या झाल्या होत्या. पाठीच्या बांबूपेक्षा गाभा अर्धा मिलिमीटर पुढे, गाभ्यापेक्षा पोटाची पट्टी आणखी थोडी पुढे. कुठे तडा नाही, कुठे सांधा उघडलेला नाही. शंभर पानी वही वाकवली की पानं जशी एकमेकांवरून सरकतात, तशा माझ्या पट्ट्या गोंदासकट सरकल्या होत्या.

थरांचं धनुष्य घरी करायला घेणारा जो तो आधी लाकडाचं विचारतो. मीही तेच विचारत फिरलो होतो. तीन धनुष्यं केल्यावर माझं मत असं झालंय की गाभ्याच्या लाकडासाठी आपण फार जीव टाकतो आणि गोंद मात्र दुकानात समोर दिसेल तो उचलतो. म्हणून मी वापरलेली लाकडं, वापरलेले गोंद, काय टिकलं आणि काय फसलं, ते सगळं सविस्तर लिहितोय.

साताऱ्यात माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या दोघांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. दोघांचाही सराव इथे साताऱ्यातच चालायचा. त्यांची धनुष्यं कंपाउंड, चाकांची. ते काम वेगळं आणि तो खर्चही वेगळा. पण त्या वर्षी आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा तिरंदाजी बोलायला लागली. माझी भाची तेव्हा चौदाची. ती म्हणाली, "मामा, तुम्ही एवढी कपाटं करता, मला एक धनुष्य करून द्या की." तिला साधारण 34 पौंडांचं, म्हणजे साडेपंधरा किलो ओढ असलेलं, पाच फूट आठ इंचांचं सरळ धनुष्य हवं होतं, घरामागच्या शेतात सरावाला.

धनुष्य ओढलं की निशाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. मधोमध एक पातळी अशी असते की तिथे ना ताण, ना दाब. तिथून जसजसं बाहेर जाल तसतसा भार वाढतो. कडकपणा जाडीच्या घनावर चालतो. म्हणून एकूण जाडीतली मधली निम्मी जाडी सगळा मिळून फक्त आठवा हिस्सा कडकपणा देते. उरलेले सात हिस्से बाहेरच्या थरांचे. हे कागदावर मांडून बघितलं तेव्हा माझं लाकडाचं वेड जरा उतरलं. गाभ्याचं काम पाठ आणि पोट एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवणं, तेही कमीत कमी वजनात. पण ताण-दाब नसलेल्या त्या मधल्या भागातच थर एकमेकांवरून सरकवणारा जोर सगळ्यात जास्त असतो. माझ्या धनुष्यात तीन सारख्या थरांचे दोन सांधे होते, आणि त्या जागी हा जोर मधल्या कमाल जोराच्या जवळजवळ 90 टक्के भरतो. तो सगळा गोंदाने पेलायचा असतो.

पहिल्या धनुष्याला मी रोजच्या वापरातला सुतारकामाचा पांढरा गोंद लावला. त्या गोंदाची बदनामी मला करायची नाही. आजही माझ्याकडे त्याचे डबे लागतात आणि त्याने जोडलेल्या खुर्च्या लोकांच्या घरात पंधरा-पंधरा वर्षं उभ्या आहेत. पण खुर्चीत चूल-साल, म्हणजे खाचेत बसवलेला सांधा असतो, भार येतो आणि जातो. दोरी चढवलेल्या धनुष्यात भार दिवसरात्र एकाच दिशेने चालू असतो. हा गोंद सुकला तरी आतून किंचित लवचीक राहतो आणि उष्णतेने मऊ पडतो. भाचीने धनुष्य दोरी चढवूनच पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला लावून ठेवलं होतं, एप्रिलचा अख्खा महिना. दोरी उतरवून ठेवायची असते हे मी तिला सांगायला हवं होतं. ओढ 34 वरून 27 पौंडांवर आली आणि धनुष्याने दोरीच्या बाजूला कायमचा बाक धरला.

आता लाकडं.

पहिल्या दोन धनुष्यांना मी सागवानाचा गाभा घातला. कारण साधं, घरात होतं. साग हलका आहे, घनमीटरला साधारण 650 किलो, आणि पावसाळ्यात फारसा फुगत-आक्रसत नाही. साताऱ्याचा जुलै ज्याने बघितलाय त्याला याची किंमत कळेल. पण सागात तेल असतं. तासल्यावर आठवडाभर ठेवलं तर ते तेल पृष्ठभागावर येतं आणि गोंदाला धरू देत नाही. माझं दुसरं धनुष्य असंच गेलं. त्याला इपॉक्सी, म्हणजे राळ आणि ती घट्ट करणारा हार्डनर मिसळून होणारा गोंद, लावलं होतं, पण सागाची पट्टी आठ दिवस आधी रंधून तयार ठेवली होती. पन्नासेक बाण मारल्यावर खालच्या पातीत, म्हणजे मुठीखालच्या अर्ध्या भागात, 'टक्' आवाज आला. सांधा उघडून बघितला तर इपॉक्सी बांबूला घट्ट बसलेलं आणि सागाकडची बाजू आरशासारखी चकचकीत. त्या चकचकीत थरात रंध्याच्या रेघा उमटल्या होत्या, पण सागाचा एक तंतू अडकला नव्हता. साग वापरायचाच असेल तर चिकटवायच्या दिवशीच 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत पुसा आणि लगेच गोंद लावा. पाचपैकी तीन गुण. लाकूड चांगलं आहे, पण या कामात सारखं त्याच्या मागे लागावं लागतं.

तिसऱ्याला बीच घातलं आणि मी त्याच्यावर खूश आहे. बाहेरून येणारं, भट्टीत वाळवलेलं, फिकट गुलाबीसर बीच पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सहज मिळतं. मी ज्या दुकानात गेलो तिथल्या मालकांनी मला दीड तास फळ्या उलथू दिल्या. "शेठ, मला एकच फळी हवीय, पण सरळ रेषेची," म्हटल्यावर त्यांनी हमाल सोबत दिला आणि वरच्या थप्पीतल्या फळ्याही खाली काढायला लावल्या. असं दुकान मिळालं तर पुन्हा तिथेच जावं.

बीचची एक गोष्ट मला फार आवडते. ते लाकूड स्वतःची रेषा स्वतःच दाखवतं. फळीच्या रुंद बाजूवर तिळासारखे बारीक, लांबट, तपकिरी ठिपके असतात. ते ठिपके ज्या दिशेला झोपलेले असतात ती लाकडाच्या तंतूंची दिशा. फळीच्या कडेशी समांतर असले तर घ्या, तिरपे जात असले तर कितीही सुंदर फळी असली तरी ठेवून द्या. मी फळी डोळ्यांपाशी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते तीळ बघत गेलो. अकरा फळ्यांतली एक पसंत पडली. दुसरी खात्री म्हणजे टोकाचा वीतभर तुकडा मागून घ्या, पटाशी लावा, हातोडीचा एक टोला द्या. फट सरळ गेली तर तंतू सरळ. करवतीने कापलेली कड फसवते, फुटलेली कड कधीच फसवत नाही.

बीचला गोंद फार छान धरतो, तेलाची कटकट नाही. वजन मात्र जास्त, घनमीटरला 700 किलोच्या आसपास, आणि दमट हवेत ते सागापेक्षा बरंच हलतं. म्हणून चिकटवून झाल्यावर कडेला पॉलिशचे चार हात द्यायला कंटाळू नका. पाचपैकी साडेचार.

किंमत ऐकून बिचकू नका. एका धनुष्याच्या गाभ्यात घनफुटाचा ऐंशीवा हिस्साही लाकूड नसतं. करवतीचा भुसा आणि वाया जाणारं धरूनही पंचविसावा हिस्सा. महागातलं लाकूड घेतलं तरी चहा-नाश्त्याइतका फरक. पैसे वाचवायला ओलं किंवा वाकड्या रेषेचं घेण्यात काही अर्थ नाही. ओलं म्हणतोय कारण एका दुकानातून, पुण्यातल्या नव्हे, मी "एकदम सीझन केलेली" म्हणून फळी आणली आणि घरी येऊन मीटर टोचला तर 19 टक्के ओलावा. आपल्याला 8 ते 12 हवा. ती फळी पाच महिने माळ्यावर गेली. मीटर आता मी खिशात घालूनच जातो.

बांबूचा गाभाही करता येतो आणि तो फार देखणा होतो. बांबूच्या कामट्या काढून उभ्या करायच्या, शेजारी शेजारी चिकटवायच्या आणि त्या फळीतून पट्टी काढायची. जपानी युमी धनुष्य, सव्वादोन मीटरच्या आसपास उंच, त्याचा गाभाही असाच उभ्या कामट्यांचा असतो आणि दोन्ही कडांना लाकूड. वजनाच्या मानाने ताकद बघितली तर याच्यासारखं दुसरं काही नाही. मी नमुन्याला फूटभर पट्टी करून बघितली. पण कामट्या एका जाडीच्या तासण्यातच दोन दिवस गेले आणि गोंदाचे सांधे दुपटी-तिपटीने वाढले. पहिल्याच धनुष्याला हे करू नये.

हेदाचं पिवळं, घट्ट विणीचं लाकूड मिळालं असतं तर मला ते वापरायचं होतं. पूर्वी कंगवे आणि गिरणीतली बॉबिनं त्याची करायचे. पण गाठीविना सरळ तीन फूटही हाती लागलं नाही. आंबा, पाईन यांच्या वाटेला गेलो नाही.

पाठीला मात्र मी तिन्ही वेळा बांबूच घातला, आणि त्यात बदल करणार नाही. मानवेल जातीचा बांबू भरीव आणि चिवट असतो, काठीला उत्तम, पण त्याच्यातून दीड इंच रुंद सपाट पट्टी निघत नाही. त्यासाठी जाड भिंतीचा, मोठ्या घेराचा कळक लागतो. बांबूची खरी ताकद बाहेरच्या सालीलगतच्या तंतूंत असते, म्हणून सगळी तासणी आतल्या बाजूने करायची. बाहेरचा मेणकट हिरवा थर सुरीच्या पाठीने खरवडला की थांबायचं. गाठीवरचा उंचवटा सपाट करायचा मोह होतो, तो आवरायचा. पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्या. पिठूळ बांबूला भुंगा लागतो आणि एका रात्रीत खाली पिवळा भुसा दिसायला लागतो. पोटाला बाभूळ घातली, मोडीत निघालेल्या एका बैलगाडीतून काढलेली, मुठीखाली दोन तुकडे जोडून. दाब सोसायला ती फार जबरदस्त आहे आणि पटाशीची धार मात्र दर दहा मिनिटांनी मागते.

आता गोंदाचं. इथे जरा थांबून वाचा.

तिसऱ्या धनुष्याला मी साधं, सावकाश सुकणारं अ‍ॅराल्डाइट वापरलं, राळ आणि हार्डनर वेगळ्या डब्यांत येतं ते. पाच मिनिटांत सुकणारी इपॉक्सी या कामाला घेऊ नका. पट्टीवर पसरून होईपर्यंत ती घट्ट होतात, आणि उष्णता, पाणी या दोन्हीला कमी टिकतात. सावकाश सुकणाऱ्यात निवांत तासभर मिळतो, उन्हाळ्यात थोडा कमी.

प्रमाणाची एक गोम आहे. आकारमानाने राळ आणि हार्डनर सम भाग घ्यायचे, पण वजनाने घेतलंत तर 100 ग्रॅमला 80. मी पहिल्यांदा काट्यावर दोन्ही सारखं मोजलं होतं. हार्डनर जास्त झाला आणि तो नमुना आठवड्याने सुद्धा नखाने दबत होता. माझ्या धनुष्याचे दोन सांधे मिळून 80 ग्रॅम मिश्रण पुरलं, सांडलवंड धरून. पाच मिनिटं सपाट काडीने ढवळा, कडा आणि तळ खरवडत. रेघा दिसायच्या थांबल्या पाहिजेत. हातात मोजे घालाच. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही, आणि आमच्या धंद्यात त्या एका कारणाने काम सोडलेली माणसं मी बघितली आहेत.

दुसरी गोष्ट दाबाची. आम्हा सुतारांना शिकंजा आवळता येईल तितका आवळायची सवय असते. पांढऱ्या गोंदाला ते चालतं. इपॉक्सी तसं आवळलं तर सगळं बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. पट्ट्या 60 ते 80 नंबरने खरखरीत करायच्या, दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा आणि हलका पण सगळीकडे सारखा दाब द्यायचा. यासाठी मला सगळ्यात आवडलं ते सायकलच्या जुन्या ट्यूबचं. ट्यूब उभी कापून इंचभर रुंदीची लांब पट्टी करायची आणि साच्यासकट धनुष्यावर टोकापासून टोकापर्यंत ताणून गुंडाळत जायची. कडेने गोंदाचे बारीक मणी सगळीकडे सारख्या अंतरावर उमटले की समजावं, दाब बरोबर बसला. साच्यावर आधी प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर साचाही धनुष्याचा भाग होईल. साच्याला मी टोकांकडे दोन इंच उलटा बाक दिला होता.

तिसरी गोष्ट उष्णतेची. मी डिसेंबरात चिकटवलं आणि आमच्याकडे तेव्हा पहाटे चांगलाच गारठा असतो. अशा हवेत इपॉक्सी रेंगाळतं. प्लायवूडचं लांब खोकं केलं, आत जुने पिवळे बल्ब दोन लावले, थर्मामीटर टांगला आणि 45 ते 50 अंशांवर रात्रभर ठेवलं. एवढ्या उष्णतेत शिजलं की सांधा नुसत्या हवेत सुकलेल्यापेक्षा जास्त पक्का होतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. साधं इपॉक्सी फार तापलं की तेही मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली धनुष्य ठेवू नका, दोरी उतरवलेली असली तरी.

युरियाच्या गोंदाची पावडर येते, प्लायवूडवाले वापरतात. ती कडक सुकते आणि सरकत नाही, पण सांधा केसभरही उघडा चालत नाही. रिसॉर्सिनॉल हा गोंद याहून भारी, पाण्याला आणि उष्णतेला सगळ्यात खंबीर, पण जांभळट काळी रेघ राहते आणि आवळायला जबर दाब लागतो. फेस येणारा पॉलियुरेथेन घेऊ नका, फट फेसाने भरलेली दिसते पण त्या फेसात जोर नसतो. जुन्या कमानी, शिंग आणि जनावरांच्या कंडरा लावलेल्या, सगळ्या सरसाने, म्हणजे जनावरांपासून केलेल्या गोंदाने, चिकटवलेल्या असत. माझे आजोबा सरस डब्यात घालून गरम पाण्यात ठेवायचे, त्याचा वास मला अजून आठवतो. ताकदीला सरस कमी नाही, पण तो हवेतला दमटपणा ओढतो. आमच्या पावसात त्याला सांभाळायला घरात एक माणूस लागेल.

पातींना उतार देताना फुटाला साधारण एक मिलिमीटर धरा, मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ, आणि तो उतार गाभ्याच्या पट्टीतच द्या. पाठ तासायची नाही आणि पोटाची बाभूळ तासायला अवघड, त्यामुळे गाभ्याइतकी सोयीची जागा नाही. मी एका सरळ फळीवर पाचर ठोकून रंधा मशीनखालून पट्टी काढली. बीच यात लोण्यासारखं कापलं गेलं. पुढचं तोलणं, म्हणजे दोन्ही पाती सारख्या वाकवणं, सावकाश करायचं काम आहे. मला चार संध्याकाळ लागल्या. चार मिलिमीटर बांबू, पाच बीच, पाच बाभूळ अशी सुरुवात होती, शेवटी पोटाचा दीड मिलिमीटर गेला.

हे तिसरं धनुष्य आता सव्वा वर्षाचं आहे. एक पावसाळा काढलाय. भाची आठवड्यातून चार दिवस सराव करते आणि झाला की दोरी उतरवते. स्प्रिंगच्या काट्यावर लावून बघितलं तर ओढ साडेपंधरावरून पंधरा किलोवर आली आहे. नवं लाकूड एवढं बसतंच. टोकावर मी दर महिन्याला नख फिरवतो. अजून कुठे अडकलेलं नाही.

तिला आता 40 पौंडांचं हवंय. कळक माळ्यावर वाळतोय, मीटर 14 दाखवतो. बीचची उरलेली अर्धी फळी आहेच. अ‍ॅराल्डाइट नवं आणावं लागेल, आणि खोक्यातला एक बल्ब गेलाय.